तीन तास पंचवीस

चाकं जमिनीला टेकली आणि हवाईसुंदरीनं माईकवर सांगितलं की सान्तियागोत आत्ता अकरा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. मला हसूच आलं. बिचारी पोर. पहाटे आमच्याकडून निघालेली, तिचं घड्याळ आमच्याच वेळेवर राहिलं असणार. राजधानी सान्तियागो आमच्या एक तास मागे, हे आमच्या पुंता अरेनासमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मनगटावरचं घड्याळ काढलं, काटा ऐटीत मागे फिरवला, दहा पाच केले, आणि शेजारच्या माणसाला सांगायला वळलो, तर तो तोंड उघडं टाकून झोपला होता. झोपू दे म्हटलं. इथून तिथून सगळे दमलेले. मीही दमलो होतो. सहासष्टाव्या वर्षी विमानात नुसतं बसायलाही अंगात ताकद लागते. गुडघे समोरच्याच्या पाठीत, कान बंद, आणि पोटात तो गोड बिस्किटाचा तुकडा, जो ते लोक नाश्ता म्हणून देतात आणि आपण नाश्ता म्हणून घेतो.

आमच्या दक्षिणेत, देशाच्या पार टोकाला, घड्याळं बदलत नाहीत. बाकीचा देश थंडी आली की काटे तासभर मागे घेतो आणि वसंत आला की पुन्हा पुढे ढकलतो. आम्ही वर्षभर आहोत तिथेच. त्यासाठी आम्ही सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या, हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो, निदान एक तास उजेड तरी द्या म्हणून आरडाओरडा केला. सरकारनं दिला. आम्ही मिरवणूक काढली, मी स्वतः त्यात भोंगा वाजवला. तेव्हापासून थंडीचे पाच महिने आमच्यातला जो तो सान्तियागोला फोन करायच्या आधी तोंडातल्या तोंडात एक वजा करतो. सवयच ती. तिकिटावर पोचायची वेळ अकरा पाच छापलेली होती, तेव्हा मी शेजारणीला, ओतिलियाबाईंना, समजावून सांगितलं होतं की तिकीट आपल्याकडे छापलं, म्हणजे वेळ आपली, म्हणजे तिथले दहा पाच. त्या म्हणाल्या, "तुम्ही तीस वर्षं बोटीच्या तिकीटखिडकीत बसलात अमादोरभाऊ, तुम्हाला वेळेचं आम्ही काय शिकवायचं." बरोबरच होतं. सामुद्रधुनीच्या पलीकडे पोर्वेनीरला जाणारा प्रत्येक माणूस मला खिडकीतून विचारायचा, किती वेळ लागतो हो? आणि मी वर न बघता सांगायचो, दोन तास वीस, वाऱ्यानं मनावर घेतलं नाही तर. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. चुकायचा तो वारा.

दानित्सानं फोनवर सांगितलं होतं, "अकरा ते बारा मी वरच्या मजल्यावर, कॉफीच्या दुकानापुढे असेन. बाराला आत जाणार. यायचं तर ये, नाही आलास तरी चालेल." माझी एकुलती एक मुलगी सिडनीला निघाली होती. अकरा हजार तीनशे किलोमीटर, चौदा तास, सगळं पाण्यावरून. तिथे म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा आश्रमात तिला नोकरी मिळाली होती. परक्यांच्या बापांना अंघोळ घालायची, चमच्यानं सूप भरवायचं. मी चेष्टेनं म्हटलं होतं, "इथे एक बाप फुकट पडलाय, त्याला कोण भरवणार?" ती हसली नाही. म्हणाली, "तुझं सूप तू गार करून पितोस, पपा." मी हवामानाचं विचारलं. तर ते वाक्य, नाही आलास तरी चालेल, मी पंधरा दिवस सगळ्या बाजूंनी उलटून पाहिलं होतं. चालेल म्हणजे येऊ नको? की चालेल म्हणजे, तू येणार नाहीसच, मी आत्ताच मनाची तयारी करून ठेवते? विमानतळावर उतरल्यावर मी फोन मुद्दामच चालू केला नाही. तिनं ऐन वेळी फोन करून 'नकोच' म्हटलं असतं, तर मला ऐकावं लागलं असतं. न ऐकलेलं पाळावं लागत नाही.

सामानाच्या पट्ट्यापाशी जत्रा भरली होती. सप्टेंबरचा पहिला रविवार. अठरा तारखेच्या राष्ट्रीय सणाला सान्तियागोच्या प्रत्येक नातेवाइकाला आमच्याकडची मेंढी हवी असते, आणि दक्षिणेतून जो कोणी विमानात चढेल त्याच्या गळ्यात शेजारीपाजारी मेंढी अडकवतात. नाही म्हणायची रीत नाही. ओतिलियाबाईंनी त्यांच्या बहिणीसाठी, एदुविनाबाईंसाठी, अर्धी मेंढी दिली होती, पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यात, वर चिकटपट्टीचे सतरा वेढे. आता पट्ट्यावरून तीसएक पांढरी खोकी एकामागून एक येत होती, सगळी सारखी, आणि तीसएक माणसं वाकून वाकून नावं वाचत होती. "बार्रीया कोण?" "बार्रीया मी, पण हे माझं नाही, माझ्यात खेकडे आहेत." "अहो, हे गळतंय!" "गळतंय ते मान्सियाचं, मान्सियाला बोलवा!" एक बाई दुसऱ्याच्या खोक्यावर बसून राहिल्या होत्या, आपलं सापडेपर्यंत हे सोडणार नाही म्हणून, जशी काही मेंढीच ओलीस धरली. मला घाई नव्हती. घड्याळात दहा पंचवीस. मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, दोन म्हाताऱ्यांची खोकी उचलून दिली, एकाला सांगितलंही, "सावकाश, सावकाश, इथे आपल्याकडे एक तास शिल्लक आहे." तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मला वाटलं, ऐकायला कमी येत असणार. माझं खोकं सगळ्यात शेवटी आलं, एका कोपऱ्यातून गुलाबी थेंब टपकवत.

आयुष्यात मी कुठेही वेळेच्या आधी पोचलो की मला एक प्रकारचा माज चढतो. दाढी करून जावं म्हटलं. पहाटे केली होती, पण घाईत, आणि दानित्सा लहानपणापासून माझ्या गालाला हात लावून म्हणायची, "काटे आहेत." शौचालयात आरशापुढे उभा राहिलो, फेस लावला, खोकं पायाशी. उघड्या दारातून बाहेरच्या पाटीवर उड्डाणांच्या वेळा दिसत होत्या आणि वर कोपऱ्यात अकरा चाळीस. फरशी पुसणाऱ्या व्हेनेझुएलाच्या माणसाला मी म्हटलं, "तुमचं घड्याळ पुढे आहे."

"असेल, साहेब," तो म्हणाला. "इथे सगळंच पुढे आहे, पगार सोडून." मग त्यानं खाली पाहिलं. "हे रक्त तुमचं का?"

"मेंढीचं."

"देव भलं करो तिचं," असं म्हणून त्यानं पुसलं. मी उगाचच त्याचे दोन वेळा आभार मानून बाहेर आलो, खोकं घेऊन, गुळगुळीत गालांनी, ताजा शर्ट घालून. मनगटावर दहा पन्नास. दानित्सा अकराला येणार. पाच मिनिटं आधी जाऊन उभं राहिलो तर तिला वाटेल, बाप किती आतुर. पाच मिनिटं उशिरा गेलो तर, बाप तोच. बरोब्बर अकराला जायचं. मग साडेअकराला दोन मिनिटं खाली यायचं, दारापाशी ठरल्याप्रमाणे एदुविनाबाईंच्या हातात मेंढी द्यायची, परत वर. पण वर जायच्या आधी काय बोलायचं ते एकदा नीट जुळवावं म्हणून मी पलीकडच्या दाराबाहेर, खांबाच्या मागे उन्हात एक बाक होता तिथे टेकलो. समोर बर्फाचे डोंगर, इकडे धुरकट ऊन, आमच्याकडे उन्हाळ्यातही मिळत नाही इतकं. विमानतळावरच्या गलेलठ्ठ भटक्या कुत्र्यांपैकी एक आला, खोक्याचा वास घेतला आणि माझ्या शेजारी असा बसला जसा काही आम्ही एकाच विमानातून उतरलो होतो.

बोलायचं जुळत नव्हतं. मी 'दानित्सा, बाळ' इथून सुरुवात करायचो आणि चार वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी जाऊन अडकायचो. नेवेंकाला, माझ्या बायकोला, रुग्णांच्या विमानानं सान्तियागोला हलवलं होतं, दानित्सा इथेच नोकरीला होती, तिच्यापाशी राहिली. मंगळवारी संध्याकाळी पोरीचा फोन. "पपा, ये." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? म्हणाली, "डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मी म्हणतेय." आणि मी तिला खिडकीतून सांगावं तसं सांगितलं की अगं, तीन तास पंचवीस मिनिटं, बावीसशे किलोमीटर, आहे काय त्यात, सकाळी म्हणालीस तर दुपारी हजर. बदली माणूस मिळाला की शुक्रवारी येतो. खरं तर बदली माणूस होता. मोन्साल्वे घरी रिकामाच बसलेला असायचा, एका हाकेत आला असता. पण मला वाटलं, आत्ता धावत गेलो तर नेवेंका माझ्याकडे बघेल आणि तिला कळेल की वेळ आली. मी गेलो नाही म्हणजे वेळ आली नाही. अशा हिशेबानं माणूस स्वतःच्या घरातही हुशार ठरतो. विमानानं आमची सवयच बिघडवली. माझे वडील उत्तरेकडच्या एका बेटावरून पुंता अरेनासला आले ते बोटीनं, सहा दिवस ओकत. मागे राहिलेल्या आईचा त्यांनी रीतसर, रडून, कायमचा निरोप घेतला होता. आम्ही कुणाचा निरोप घेत नाही. आम्ही म्हणतो, तीन तास पंचवीस. बुधवारी पोरीनं पुन्हा फोन केला, या वेळी डॉक्टरांचं नाव घेऊन. गुरुवारचं तिकीट काढलं, आणि गुरुवारी वारा सुटला, ताशी एकशे वीस, विमानतळ बंद. शुक्रवारी सकाळी मी बर्फाच्या कड्यांवरून उडत होतो, खिडकीशी, बिस्किट खात होतो, आणि चांगलं लागलं म्हणून हवाईसुंदरीकडे दुसरं मागून घेतलं. तेव्हाच कधीतरी नेवेंका गेली. मी पुष्कळदा नकाशावर बोट ठेवून पाहिलंय, मी नेमका कुठल्या गावावर होतो. खाली गाव नाहीच तिथे. दवाखान्याच्या पायरीवर दानित्सा उभी होती, आईची चप्पल पिशवीत घेऊन. मी म्हटलं, "वारा होता गं." ती म्हणाली, "वारा गुरुवारी होता, पपा. मंगळवारी नव्हता." आवाज चढवला नाही. मग आम्ही कागदपत्रं करायला गेलो, तिथे तिनं माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. तेव्हापासून सगळं बरं चाललं होतं आमचं, म्हणजे वाढदिवसाला फोन, नववर्षाला फोन, तब्येत कशी, बरी. त्या मंगळवाराचं नाव मी काढलं नाही, तिनंही काढलं नाही. आज काढायचं होतं. ती पाण्यापलीकडे जायच्या आधी. सिडनीला चौदा तास असले तरी मी मनात आधीच म्हणायला लागलो होतो, चौदा तास म्हणजे काय, एक झोप.

"बाहामोंदे! अमादोर बाहामोंदे!"

खांबाच्या पलीकडून एक ठेंगणी बाई येत होती, डोक्यावर गॉगल, हातात पुठ्ठा, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: मेंढी. माझं नाव नाही, मेंढी.

"एदुविनाबाई?"

"बाई गेली खड्ड्यात! पाऊण तास झाला मी हा पुठ्ठा छातीशी धरून दारात उभी! आठ जणांनी मला मेंढी दाखवली, एकाही मेंढीवर माझं नाव नाही! दोघांनी भाव विचारला! आणि तुम्ही इथे कुत्र्याबरोबर ऊन खाताय?"

"अहो पण आपलं साडेअकराचं ठरलं होतं ना," मी मनगट पुढे केलं. "आता कुठे सव्वाअकरा होतायत. पंधरा मिनिटांवर मीच—"

"सव्वाअकरा?" त्यांनी माझं मनगट धरलं, वाचलं, आणि मग माझ्या तोंडाकडे असं पाहिलं जसं आपण गोठ्यातून सुटलेल्या जनावराकडे पाहतो. "अहो, बारा वाजून चौदा मिनिटं झालीत. काल रात्री घड्याळं पुढे केली सगळ्यांनी. तुमच्याकडे नाही करत?"

"आमच्याकडे नाही करत."

"पण आमच्याकडे करतात हे तरी ठाऊक असतं की नाही? ओतिलिया म्हणाली, मोठा वेळेचा माणूस आहे!"

मला आधी तर कळलंच नाही. मी एक वजा करून पाहिला, एक मिळवून पाहिला. मग ती माईकवरची पोर आठवली, तिकीट आठवलं, पाटी आठवली, सगळ्यांनी मला बरोबर वेळ सांगितली होती आणि मी प्रत्येकाला सुधारलं होतं. ज्या तासासाठी मी भोंगा वाजवला होता, तो तास काल रात्री सान्तियागोच्या लोकांनी झोपेत गिळून टाकला होता, आणि मी त्याच्यात बसून दाढी केली होती. माणसांची बोट चुकली तर दुसरी बोट असायची. मी उठलो. खोकं उचललं, मग लक्षात आलं की ते द्यायचं आहे, तर दिलं, त्याचा तळ सुटला आणि अर्धी मेंढी फूटपाथवर पडली. कुत्रा, जो इतका वेळ अत्यंत सभ्यपणे बसला होता, त्यानं आता विचार केला नाही.

"माझी मेंढी!" एदुविनाबाई पुठ्ठ्यानं कुत्र्याला झोडपत होत्या. "पळता कुठे? अहो, पाय धरा! त्याचा नाही, मेंढीचा!"

मी पळालो. सरकता जिना बंद होता, दुरुस्तीची पट्टी लावलेली. बाजूचा साधा जिना, दोन वळणं, मधे एक कुटुंब तेरा बॅगा एकेक पायरी चढवत होतं, सगळ्यांना रडू फुटलेलं, बहुतेक त्यांचंही कुणीतरी जात होतं. मी त्यांच्यातून वाट काढताना एका आजीनं मला घरातलाच समजून मिठी मारली आणि मीही, सुटका लवकर व्हावी म्हणून, तिला मारली. छाती फुटायला आली. वर आलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. कॉफीचं दुकान तिथेच होतं, जिन्याच्या तोंडाशी, मी बसलो होतो त्या बाकाच्या बरोबर वर असणार. बावीसशे किलोमीटर आलो होतो आणि शेवटची वीस पावलं उंचीची राहिली होती. चार टेबलं. एकावर कप, निम्मी कॉफी, चुरगळलेला रुमाल. मी कपाकडे बोट दाखवलं, तशी दुकानातली मुलगी म्हणाली, "इथे बसली होती ती? उंच, लाल बॅग? गेली हो. सारखी जिन्याकडे बघत होती." मी विचारलं, केव्हा गेली? ती म्हणाली, "आत्ताच." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "म्हणजे अगदी आत्ता नाही. बसा तुम्ही. पाणी देऊ?"

मी भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसलो आणि फोन चालू करून तिला लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"कुठे आहेस?"

"कॉफीच्या दुकानापुढे."

"आत्ता?"

"आत्ता."

मागे खूप माणसांचा आवाज येत होता, प्लास्टिकचे ट्रे एकमेकांवर आपटल्यासारखे. "मी तपासणीच्या रांगेत आहे," ती म्हणाली. "परत बाहेर येता येत नाही. बारा दहापर्यंत थांबले मी, पपा. दहा मिनिटं जास्त." मग जराशानं, "विमान उशिरा आलं का?"

आयुष्यातली सगळ्यात उत्तम सबब माझ्या हातात होती. खरी, सरकारी, राजपत्रात छापलेली. साक्षीला एदुविनाबाई. अशी सबब माणसाला एकदाच मिळते, आणि मला दिसत होतं की ती सांगितली तर दानित्सा हसेल, अगदी पोट धरून हसेल, म्हणेल, तुमच्या त्या दक्षिणेतल्या घड्याळाला आग लावा, आणि आम्ही दोघं हसत हसत फोन ठेवू. मंगळवार आहे तिथेच राहील.

"नाही," मी म्हटलं. "विमान वेळेवर आलं. मी खाली बसलो होतो."

"खाली? कशाला?"

"दानित्सा, आईच्या वेळी मी मंगळवारीच यायला हवं होतं. मोन्साल्वे रिकामा होता. मला येता येत होतं. मी आलो नाही."

पलीकडून एका माणसाचा आवाज, बाई, कमरेचा पट्टा काढा, फोन ट्रेमध्ये ठेवा. "थांब," ती म्हणाली. "ठेवू नकोस." आणि खडखड झाली. तिनं फोन बंद केला नाही, तसाच ट्रेमध्ये टाकला. मी ऐकत होतो. बूट पडले असावेत, धप्प, माझ्या कानाशी. नाणी. मग एक घरघर, बराच वेळ, पट्टा सरकत होता आणि तपासणीच्या पेटीतून मी तिच्या बुटांशेजारी, कंगव्याशेजारी, आत चाललो होतो. कुणी मला थांबवलं नाही. पलीकडे उजेड पडला असावा, कारण आवाज मोकळा झाला आणि एक बाई कुणाला तरी सांगत होती की ही बाटली टाकून द्या.

"आहेस?" दानित्सा.

"आहे."

"मी ऐकलं ते. मघाशी म्हणालास ते." ती चालत होती, धाप लागलेली. "आत्ता बोलता नाही येणार, माणसं आहेत."

"असू दे."

"पण ऐकलं."

मग आम्ही त्याबद्दल बोललो नाही. ती सांगत होती, बाविसावं दार फार लांब आहे, मधे अत्तराची दुकानंच दुकानं, एक बाई तिच्या मनगटावर काहीतरी फवारून गेली आणि आता चौदा तास हा वास. मी विचारलं, खाल्लंस का? म्हणाली, अर्धी कॉफी. मी म्हटलं, ती दिसली मला. ती म्हणाली, "दमल्यासारखा वाटतोस." मी म्हटलं, जिना होता. मग तिच्या बाजूनं घोषणा, माझ्या बाजूनं कपबशा; मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिला माझा, कारण ती एकदा म्हणाली, "हळूहळू घे." शेवटी विमानात चढायची रांग हलली. "आता बंद करायला सांगताहेत," ती म्हणाली. "पोचले की फोन करते. तेव्हा किती वाजले असतील तुझ्याकडे, मला काही कळणार नाही."

"वाजू दे," मी म्हटलं.

फोन शांत झाला. मी तसाच बसून राहिलो, फोन कानाला, पाय पसरून, भिंतीला टेकून. माझं परतीचं विमान संध्याकाळचं होतं आणि अंगातलं सगळं कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं. एक पहारेकरी सगळ्यांना उठवत येत होता, इथे जमिनीवर बसायचं नाही, उठा, वाट मोकळी करा. पाठीवर पिशव्या घेतलेली तीन पोरं उठली, एक बाई बाळाला घेऊन उठली. माझ्यापाशी आला, माझ्या कानाला लागलेला फोन त्यानं पाहिला, तोंड उघडलं होतं ते मिटलं आणि हातानं खूण केली, बोला, बोला तुम्ही. मी मान हलवली. फोनमध्ये "हं" म्हटलं, थोडं थांबून पुन्हा एकदा "हं" म्हटलं, आणि तो पुढे गेला.